स्टीलची की स्टीलसाठी

त्याच्या गळ्यात दोन वस्तू असायच्या. एक क्रूस आणि एक लोहचुंबक. क्रूस शर्टाच्या आत, चुंबक बाहेर. देवावर भरवसा होता, म्हणून तो आत ठेवला तरी चालायचं. माणसांवर नव्हता, म्हणून चुंबक सतत हाताशी लागायचं.

पहिल्याच भेटीत त्यानं ते माझ्या बांगडीला लावलं. नमस्कार नाही, नावगाव नाही. मी काउंटरवर हात ठेवला, त्यानं चुंबक टेकवलं आणि म्हणाला, “चिकटत नाही.”

“सोन्याची आहे, काका.”

“ते चुंबक सांगत नाही, बाय. लोखंड नाही, एवढंच सांगतं.”

इथं आखातात, अल क्वोजच्या गोदामांमधून मी भल्याभल्यांशी घासाघीस केली आहे. तोंडावर ओरडणारे पाहिले, हसत हसत गळा कापणारेही पाहिले. पण पहिल्या मिनिटात माझ्या लग्नातल्या बांगडीवर शंका घेणारा हा एकटाच. त्याच दिवशी मी त्याचं नाव चुंबक ठेवलं. पुढे सगळा क्लब त्याला त्याच नावानं ओळखू लागला. एवढा एक माझा माल तिथं विनातक्रार खपला.

क्लब नेमबाजीचा. अल ऐनच्या रस्त्यानं शहर संपून वाळू सुरू झाली, की एक फाटा आत जातो. तिथं यंत्रातून मातीच्या बश्या आकाशात उडतात आणि माणसं छर्ऱ्यांच्या बंदुकीनं त्या फोडतात. सुट्टीच्या दिवशी एवढी गाडी चालवत यायचं, भाड्यानं बंदूक घ्यायची, बश्या फोडायच्या आणि समाधानानं घरी जायचं. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढ्या लांब कशाला? आपल्या घरी धुणी-भांडीवाली आहे की.”

क्लबच्या सगळ्या बंदुका चुंबकच्या ताब्यात. मूळचा वसईचा. तिथल्या एका कारखान्यात फिटर होता, मग इकडे आला आणि या जाळीच्या खोलीत बसला तो बसलाच. अंगकाठी सुपारीच्या झाडासारखी. हसताना मी त्याला एकदाच पाहिलं आणि तेव्हाही तो माझ्यावर हसत होता.

माझं म्हणाल तर मी जयसिंगपूरची. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा गाडीच्या डिकीत हातमोजे भरून मी लेबर कॅम्पच्या दारात उभी राहिले. आज माझं स्वतःचं गोदाम आहे. हातमोजे, हेल्मेट, डोळ्यांवरचे गॉगल, कानांवरचे इयरमफ. थोडक्यात, माणसं शाबूत ठेवणाऱ्या वस्तू मी विकते. मला एकाच गोष्टीचा अभिमान होता. ‘मॅडमनं पाठवलंय ना, मग उघडून बघायला नको,’ असं गिऱ्हाइकं म्हणायची. हे वाक्य मी वीस वर्षं घाम गाळून कमावलं होतं. आणि हा गृहस्थ माझी प्रत्येक पेटी उघडायचा.

नुसता उघडायचा नाही. एकेक वस्तू बाहेर काढायचा, तपासायचा आणि मग पेटीवर निळ्या खडूनं दोनपैकी एक शब्द लिहायचा. ‘ठीक’ किंवा ‘परत’. तेही मराठीत. क्लबात मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळे. ते अक्षर वाचणारे आम्ही दोघंच.

“ओके लिहा की,” मी एकदा वैतागून म्हटलं. “सगळं जग ओके लिहितं.”

“म्हणूनच. ओके कुणीही लिहून ठेवील. ‘ठीक’ लिहिणारा इथं मी एकटा. दुसऱ्या कुणी उगाच लिहिलेलं ‘ठीक’ मला लगेच दिसेल.”

इयरमफच्या वेळची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. दोनशे इयरमफ पाठवले होते. त्यानं पहिला कानांवर चढवला, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, “बाय, मला शिवी दे.”

“काय?”

“शिवी दे. मनापासून. नेहमीच्या आवाजात.”

दिली. कोल्हापूरकडची, सणसणीत, मायाळू अजिबात नाही. त्यानं इयरमफ काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “पूर्ण ऐकू आली. परत.” दुसरा चढवला. तिसरा चढवला. दुपारपर्यंत मी त्याला दोनशे शिव्या दिल्या. एकही उसनी नव्हती. सतरा इयरमफ परत आले. बाहेर बसलेल्या मॅनेजरला वाटलं, दोन इंडियन एकमेकांवर खटला भरणार. त्यानं करक, म्हणजे इकडचा कडक, दुधाळ चहा पाठवला.

मेंबर लोकांनाही तो असाच छळायचा. बंदूक काउंटरवर आली, की पहिला प्रश्न, “रिकामी?” समोरचा ‘हो’ म्हणाला, तरी हा स्वतः उघडून बघणार. मग नळीच्या तोंडाशी बोट फिरवणार. छर्ऱ्याच्या बंदुकीला तोंडाशी आतून आटे असतात. त्यात बोटभर लांबीची एक नळकांडी फिरवून बसवतात. तिला चोक ट्यूब म्हणतात. तोंड किती आवळायचं ते ती ठरवते. घट्ट ट्यूब लावली, की छर्रे एकत्र राहून लांब जातात. मोकळी लावली, की जवळच पसरतात. ही ट्यूब जरा जरी सैल राहिली, तर छर्रे तिच्या काठावर आपटून जातात आणि नळीची वाट लागते. म्हणून तो दर पंचवीस बारांनंतर माणसाला थांबवायचा, बंदूक रिकामी करायला लावायचा आणि ट्यूब तपासायचा. आट्यांतला वाळूचा कण दात घासायच्या ब्रशनं काढायचा, वर ग्रीसचं बोट लावायचा.

“हातानं बसवायची, पान्यानं विचारायचं,” हा त्याचा मंत्र. पान्यानं जोर करायचा नाही, फक्त ‘बसलीस ना, बाई?’ एवढं विचारायचं. मी म्हणायचे, लोखंडाला एवढं गोंजारणारा माणूस बायकोशी कसा बोलत असेल? त्याची बायको वसईला. तो रोज संध्याकाळी पाच मिनिटं तिच्याशी फोनवर बोलायचा आणि त्यातली तीन मिनिटं गॅसची नळी बदलली का, हे विचारायचा.

एकदा एक मोठा माणूस आजोबांची जुनी विलायती बंदूक घेऊन आला. चांदीचं नक्षीकाम, मखमलीची पेटी. नळी किती जोर सोसेल ते सांगणारे शिक्के चुंबकनं भिंगातून वाचले आणि पेटी हळूच मिटली. “भिंतीवर फार छान दिसेल, साहेब.” मोठा माणूस तावातावानं फोन लावू लागला. हा दुसऱ्याच्या बंदुकीला ग्रीस लावत बसला. माज म्हणावा, तर आवाज कधी चढला नाही. आणि न चढणाऱ्या आवाजासारखी संतापजनक गोष्ट जगात नाही. भांडायला निदान दुसरं टोक तरी लागतं.

मग क्लबच्या मालकांनी ठरवलं, शिसं बंद. वर्षानुवर्षं वाळूत शिशाचे छर्रे पडत होते. त्या वाळूवर पाखरं चरतात, शेजारच्या उंटवाल्याचे उंट फिरतात. आता काडतुसात स्टीलचे छर्रे. तारीखही ठरली. एका कंपनीची साठ नवशिकी माणसं सहलीला येणार होती. त्या दिवसापासून क्लबात शिशाचा छर्रा उडणार नव्हता.

चुंबकनं मला बोलावून फरक समजावला. मी विचारलं नव्हतं. शिशाचा छर्रा पकडीत धरून दाबला, त्याची चपाती झाली. स्टीलचा दाबला, तो तसाच राहिला आणि पकडीच्या दातावर खळगा पडला.

“शिसं म्हणजे गरीब माणूस. अरुंद बोळात शिरलं, की अंग चोरतं. स्टील म्हणजे तू, बाय. तू अंग चोरत नाहीस. बोळानं सरकायचं.”

“आणि बोळ सरकला नाही तर?”

“मग बोळ फुगतो. ट्यूब फुगते, कधी नळी फुगते. त्याच्या पुढचं मला बघायचं नाहीये. म्हणून स्टीलला तोंड मोकळं द्यायचं. तसंही ते एकत्रच जातं, आवळायची गरज नसते.”

काडतुसांची पहिली खेप आली, तेव्हा तो प्रत्येक डब्यातली दोन काडतुसं काढून चुंबक लावत बसला. बुडाशी नाही, पोटाशी. “बूड पितळी दिसतं, पण आत लोखंड असतं,” तो म्हणाला. “बुडाशी लावलं, तर शिशाचं काडतूससुद्धा चिकटेल आणि आपण फसू. चुंबक कुठं लावायचं, ते चुंबकाला कळत नाही.” हे मी ऐकलं. लक्षात ठेवलं नाही. या माणसाचं प्रत्येक वाक्य लक्षात ठेवायचं, तर मला गोदामात एक फळा लावावा लागला असता.

आता माझी चूक. ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

नव्या ट्यूब हव्या होत्या. क्लबच्या परवान्यावर, पण माल मी शोधून आणायचा. त्यानं फोनवर सांगितलं, “साठ ट्यूब. स्टीलसाठी, मोकळ्या तोंडाच्या. परत सांग.” मी गाडी चालवत होते. अल नहदाच्या सिग्नलला तिसऱ्यांदा लाल दिवा लागला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता. त्यात हा मला शाळेतल्यासारखं ‘परत सांग’ म्हणतो. मी म्हटलं, “कळलं हो काका, स्टील,” आणि फोन ठेवला.

व्यापाऱ्याला मी तेवढंच सांगितलं. “भय्या, स्टील चोक चाहिए. साठ.”

“मॅडम, एकदम स्टील! प्युअर स्टील! आप के लिए स्पेशल.”

स्पेशल म्हणजे त्याच्याकडे पडून होता तो माल, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी स्वतः लोकांना असंच विकत आले आहे. पण तो भाव खाली आणू लागला आणि भाव खाली येताना मला दुसरं काही ऐकू येत नाही.

खोकी आली. ट्यूब आरशासारख्या चकचकीत. प्रत्येकीच्या काठावर एक खाच. मला वाटलं, एक खाच म्हणजे एक नंबर माल. तरी मी खात्री केली. नाताळात चुंबकनं मला करंज्यांच्या डब्याबरोबर एक छोटं लोहचुंबक दिलं होतं. कसली भेट! मी ते फ्रीजवर लावून त्याखाली लाइटचं बिल अडकवलं होतं. ते काढून आणलं, ट्यूबला लावलं. टक्. दुसरीला, टक्. साठच्या साठ. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की खोक्यांवर त्याच्यासारख्या निळ्या खडूनं ‘स्टील’ असंही लिहिलं.

सहलीला दोन दिवस होते. मी माल घेऊन स्वतः गेले. काउंटरपाशी मॅनेजर होता, पाचसहा मेंबर होते. चुंबकनं पहिली ट्यूब उचलली, काठ उजेडात धरला, दुसरी उचलली, तिसरी. गेज घालून माप घेतलं. मग खडू उचलला.

“थांबा!” मी म्हणाले. “चुंबक लावा की. माझ्या बांगडीला लावता, याला नाही लावत?”

“चिकटेल.”

“चिकटेल ना? मग स्टील आहे ना?”

“स्टीलची आहे, बाय,” तो म्हणाला. “स्टीलसाठी नाही.”

“व्याकरण शिकवता?”

“सगळ्याच ट्यूब स्टीलच्या असतात. शिशासाठी असते तीही स्टीलचीच. ही एक खाच बघ. इथं खाचा जेवढ्या कमी, तेवढं तोंड घट्ट. एक म्हणजे सगळ्यात घट्ट. आणि स्टील चालेल, असं कुठंच कोरलेलं नाही. चुंबक वस्तू कशाची ते सांगतं. कशासाठी ते नाही सांगत.”

आणि मग तो हसला. तेच ते एकदा. आजही वाटतं, वाईट हेतूनं नसावं. शाळेत उत्तर जमता जमता राहिलेल्या पोराकडे बघून मास्तर हसतात, तसं. पण मेंबर बघत होते. त्यांतल्या एकानं इंग्रजीत विचारलं, “मॅडम, राँग आयटम?” वीस वर्षांत हे दोन शब्द मला कुणी म्हटले नव्हते.

मी काय काय बोलले, ते लिहीत नाही. इयरमफच्या दिवशीच्या दोनशे शिव्यांतल्या बऱ्याच त्यात पुन्हा आल्या. मॅनेजरला भाषा कळली नाही, पण घाई कळली. “यल्ला, मिस्टर, टू डेज ओन्ली. पुट देम. खलास.”

चुंबकनं साठही ट्यूब खोक्यांत भरल्या, खोक्यांवरच्या माझ्या ‘स्टील’ शब्दाखाली ‘परत’ लिहिलं, जाळीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून दारासमोर खुर्ची घेऊन बसला. “साहेब, माझ्या सहीशिवाय बंदूक बाहेर जात नाही. या ट्यूबवर मी सही करणार नाही. दुसरा माणूस ठेवा, तो करील.”

घरी येऊन मी क्लबच्या मालकांना तक्रारीची मेल लिहिली. मुलगी शेजारी बसून अभ्यास करत होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे माझी बाजू सांगितली. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “ममा, मेड ऑफ अँड मेड फॉर. दॅट्स बेसिक.” मी तिला जेवायला बस म्हणून ओरडले आणि मेल पाठवून टाकली. तीन वाक्यं होती. एक, या माणसानं सर्वांसमोर माझा अपमान केला. दोन, हा मुद्दाम माल अडवतो. तीन, वयामुळे याला नव्या मालाची समज उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा क्लबवर हजर. म्हटलं, “काका, मी मारून दाखवते. माझ्या ट्यूबमधून, तुमचं स्टील. काही होत नाही.”

“तू नाही मारायचं. कुणीच हातात धरून मारायचं नाही.”

त्यानं मोडीत काढलेली एक बंदूक आणली. ती दूर बाकाला आवळून बांधली, घोड्याला लांब दोरी लावली आणि आम्ही सगळे वाळूच्या गोण्यांमागे गेलो. माझेच गॉगल, माझेच इयरमफ, ‘ठीक’वाले. स्टीलचा छर्रा कडक गोष्टीवरून उलटा येतो, म्हणून गॉगलशिवाय तो कुणाला जवळ येऊ देत नसे. एकेक काडतूस तो जाऊन भरायचा, परत यायचा, दोरी ओढायचा. पंचवीस बार. बंदूक फुटली नाही. धूर नाही, ठिणगी नाही, काही नाही.

“बघा!” मी ओरडले. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. चुंबकनं बंदूक रिकामी केली, स्वतः दोनदा आत बघितलं आणि माझ्यापुढे धरली.

“ट्यूब काढ, बाय.”

मी बोटांनी फिरवली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. पाना घेतला. ट्यूब जागची हलली नाही. सकाळी मीच ती हातानं बसवली होती, लोण्यासारखी गेली होती.

त्यानं पाना माझ्या हातातून घेतला. माझं बोट धरलं आणि नळीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवलं. तोंडापासून दोन बोटं आत एक कडं होतं. दिसत नव्हतं, पण बोटाला लागत होतं. अंगठी काढल्यावर बोटावर वळ राहतो, त्याच्या उलटं, बाहेर आलेलं. आतली ट्यूब फुगली होती आणि तिनं नळीला आतून ढकललं होतं. पंचवीस बारांत एवढं. उद्या साठ नवशिके येणार होते आणि प्रत्येकाचा डावा हात नळीखाली, तिथून फार लांब नव्हे, असणार होता.

मी माणसं शाबूत ठेवायच्या वस्तू विकते, हे मी वर लिहिलंच आहे.

आता इथं एखादा सरळ माणूस म्हणाला असता, ‘मी सांगत होतो ना?’ मी त्याची वाटच बघत होते. तो म्हणाला असता, तर मी त्याच्यावर तुटून पडले असते, दोघं मोकळे झालो असतो आणि हिशेब मिटला असता. पण नाही. त्यानं ती बंदूक रजिस्टरमध्ये ‘बाद’ म्हणून लिहिली, आमच्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाला, “क्लबच्या जुन्या सामानात चौदा मोकळ्या ट्यूब आहेत, स्टील चालेल असं कोरलेल्या. सहलीला पुरतील. पाळ्या लावू. तू निवांत दुसऱ्या आण.” माल परत पाठवायच्या कागदावर त्यानं कारण लिहिलं, ‘माल चांगला. या कामासाठी नाही.’ त्या कागदामुळे व्यापाऱ्यानं निमूट माल परत घेतला आणि माझ्या नावाला क्लबात ओरखडासुद्धा पडला नाही. सहल पार पडली. लोकांनी बश्या फोडल्या, फोटो काढले.

मेल मागे घ्यायची राहिली. घेईन म्हटलं. आधी मालक परदेशी होते, मग मी नव्या ट्यूबच्या मागे लागले. मग एवढ्या उशिरा कशाला उकरायचं, असं झालं. खरं सांगायचं, तर त्यानं एका शब्दानं विषय काढला असता, तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं. मला मागितल्याशिवाय काही द्यायची सवय नाही.

काही महिन्यांनी कळलं, की त्याचा करार वाढवला नाही. तो वसईला चालला.

मी खजुराचा डबा घेऊन गेले. त्यानं सवयीनं डब्याला चुंबक लावलं. टक्. “पत्र्याचा आहे,” तो म्हणाला. जाळीच्या खोलीत त्यानं प्रत्येक ट्यूब आपापल्या खणात लावून ठेवली होती. खणांवर खाचा काढल्या होत्या आणि खाली त्याच्या त्या शाळकरी इंग्रजीत लिहिलं होतं, कुठली शिशासाठी, कुठली स्टीलसाठी. मी म्हटलं, ती फुगलेली नळी मला द्या, गोदामात टेबलावर ठेवते. तर म्हणतो, “बंदुकीचा भाग आहे, बाय. रजिस्टरला आहे. देता येत नाही.” मरणाच्या दारातसुद्धा हा माणूस यमाकडे परवाना मागेल.

निघताना विचारलंच. “काका, माझ्या त्या मेलमुळे का?”

“वय झालं, बाय,” तो म्हणाला. “गाडी सावकाश चालव. आणि फोनवर कुणी सांगितलं, की परत म्हणून दाखवत जा.”

एवढंच. माझा राग इथून सुरू होतो. मेलमुळे असेल, तर तसं तोंडावर म्हणायचं. नसेल, तर नाही म्हणायचं. ‘वय झालं’ हे काय उत्तर झालं? मी त्याला गाडीतून दोनशे एकावी शिवी दिली. काचा बंद होत्या.

माझ्या कामाची पद्धत तेव्हापासून बदलली, हे नाकारत नाही. आता कुठलाही व्यापारी ‘मॅडम, प्युअर स्टील’ म्हणाला, की मी विचारते, “किसका है वो छोड़ो, किसके लिए है?” अर्ध्याजणांना उत्तर येत नाही. पोरी-बाळींची लग्नं ठरवणाऱ्या नातेवाइकांनाही मी आता तेच विचारते. त्यांना तर कुणालाच येत नाही.

परवा क्लबात नवा मॅनेजर आला. उत्साही आहे, जुनी कपाटं आवरतो आहे. मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या नावाची एक फाइल आहे. लागेल का?” पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर ठेवून उघडली. वर पावत्या, माल परतीचे कागद. सगळ्यात खाली माझी मेल, छापलेली. मालकांनी ती उत्तरासाठी चुंबककडे पाठवली होती, तारीखही होती. नळीवरचं ते कडं माझ्या बोटाला लागलं, त्याच्या आठवडाभरानंतरची. म्हणजे तेव्हा त्याच्याकडे सगळं होतं. बाद झालेली बंदूक होती, पंचवीस बारांचे साक्षीदार होते, मॅनेजर होता. एक ओळ लिहिली असती, तरी मी उघडी पडले असते.

पहिल्या वाक्यासमोर त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, खरं आहे, लोकांसमोर बोललो, चूक झाली. दुसऱ्यासमोर लिहिलं होतं, माल अडवणं हे माझं काम आहे. तिसऱ्यासमोर, त्या वयाच्या आणि समजेच्या वाक्यासमोर, काहीच नव्हतं. आणि पानाच्या कोपऱ्यात, निळ्या खडूनं, ‘ठीक’.

दोनशे इयरमफांतले सतरा कानानं पकडणारा माणूस. सोन्याच्या बांगडीलासुद्धा चुंबक लावणारा माणूस. त्याच्या हातून आयुष्यात एकच खोटा माल पास झाला आणि तो माझा होता.

पर्समध्ये खडू नव्हता. पेन काढलं, त्याच्या ‘ठीक’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘परत’.

हे त्यानंच लिहायला हवं होतं.